मोकळ्या गाडीचं वजन

सर : इकडं खिडकीपाशी या, जाईबाई. उजेडात धरतो. खालचा कागद वैष्णवीचा, वरचा तुमच्या मोहिनीचा. किती रेघा दिसतात?

जाईबाई : एकच दिसती.

सर : एकच. दोन पोरी, दोन कागद, आणि रेघ एक. पुढच्या बाकावर वैष्णवी, मागच्या बाकावर ही.

जाईबाई : मला वाचता येत न्हाई सर. रेघ बरूबर हाय का चूक, तेवढं सांगा.

सर : वैष्णवीची बरोबर आहे. हिची चूक. तिथंच तर घोडं पेंड खातंय. आलेखाच्या चाचणीला मी दोन पेपर काढतो, अ आणि ब. 'अ'ची रेघ शून्यातून निघते. 'ब'ची पाच घरं वरून निघते. चढ दोन्हींचा सारखा. मुद्दाम तसं काढलं, म्हणजे बघून लिहिणारा आपोआप सापडतो. हिला 'अ' आला होता आणि हिनं काढली 'ब'ची रेघ.

जाईबाई : म्हंजी तुमी सापळा लावलता.

सर : सापळा म्हणा.

मोहिनी : मी बघितलं न्हाई सर.

सर : कालपासून तू हे एकच वाक्य म्हणतेयस.

मोहिनी : वैष्णवीच्या पेपरात टाकीचं गणित हाय. तिच्या कागदावर लिटर लिव्हलेत. माझ्या कागदावर किलो हायेत.

सर : आकडे बदलण्याइतकी अक्कल कॉपी करणाऱ्याला असतेच. रेघ बदलायची तेवढी राहून जाते.

जाईबाई : अन वैष्णवीनंच हिचं बघितलं नसंल कशावरून? तिचा बाप शाळेच्या कमिटीवर हाय म्हणून?

सर : पुढची पोरगी मागं वळली असती तर मला दिसली असती. शिवाय तिची रेघ तिच्या पेपरला बरोबर आहे.

जाईबाई : खरं सांगा सर. वसतिगृहात जागा कमी पडायल्यात, म्हणून हिचं नाव काढायलाव का?

सर : नियम मी केलेला नाही. कॉपीत सापडलेल्याचं नाव वसतिगृहाच्या यादीत घ्यायचं नाही, असं ठरलंय. यादी आज चार वाजता मुख्याध्यापकांकडं जाते.

जाईबाई : अन उद्या सकाळी फाट्यावर आमच्या टोळीचा ट्रक येतोय. मला आजून धारूरला जाऊन फडावर ऱ्हायच्या कोपीसाठी ताडपत्री आणायची हाय. हिचं नाव यादीत नसंल तर मी हिला कुणापाशी ठिवू? पाच म्हैने ऊस तोडायला संगं न्यावी लागंल. मंग कशाची धाव्वी अन कशाचं काय.

सर : म्हणूनच तुम्हाला बोलावलं. न सांगता नाव कापलं असतं तर तुम्ही आणखी वेगळं म्हणाला असता.

जाईबाई : मोहिने, माझ्याकडं बघ. बघितलंस का तिचं?

मोहिनी : न्हाई.

जाईबाई : माझी गळ्याशप्पत घे.

मोहिनी : गळ्याशप्पत, आई. न्हाई बघितलं.

सर : शपथेनं रेघ सरकत नाही. ती पाचापासून का निघाली, ते सांग.

मोहिनी : काल सांगितलं व्हतं सर. तुमी म्हणालाव, मनानं रचून सांगू नको.

सर : म्हणालोच होतो. आता आईसमोर एक शब्द बोलू नकोस. हा तांब्या घे. हापशावरून भरून आण, आईला पाणी हवंय.

जाईबाई : मला न्हाई पायजे पाणी.

सर : हवंय. जा तू, सावकाश ये.

(मोहिनी जाते. सर वर्गाचं दार ओढून घेतात.)

जाईबाई : दार कावून लावलं?

सर : तिला ऐकू जाऊ नये म्हणून. या रेघेबद्दल तिनं घरी काय सांगितलं?

जाईबाई : काय सांगणार? रडली. भाकरीला हात लावला न्हाई. रेघंतलं मला काय कळतंय?

सर : ठीक. तिचा प्रश्न वाचतो, तोंडी उत्तर द्या. टायरगाडीत ऊस भरायचा आहे. मिनिटाला शंभर किलो ऊस पडतो. पाच मिनिटांनी उसाचं वजन किती?

जाईबाई : मिनिटाला एक क्विंटल? कोण भरतंय एवढं?

सर : धरून चालायचं.

जाईबाई : पुस्तकात भरत आसतील. पाच मिनिटाला... धा क्विंटल.

सर : पाच वेळा शंभर म्हणजे पाचशे. पाच क्विंटल झाले. तुम्ही दुप्पट सांगताय.

जाईबाई : पाच उसाचे. अन गाडी कुठं गेली?

सर : कुठली गाडी?

जाईबाई : तुमीच वाचलं की, टायरगाडी. कारखान्याच्या काट्यावर आमी ऊस हातात धरून चढतो का? गाडीसकट चढतो. आमची मोकळी गाडी पाच क्विंटल भरती. ऊस खाली करून माघारी आलं की मंग गाडीचं वजा करत्यात. तवर धरायचंच.

सर : आणि काहीच भरलं नसेल तेव्हा? शून्य मिनिटाला?

जाईबाई : तवा पाच. मोकळी गाडी हायच की.

सर : शून्याला पाच. हे तिनं पढवलं तुम्हाला?

जाईबाई : ती मला पढवणार? ती झोळीत व्हती तवापसून मी काट्यावर उभी हाय. गेल्या सालापर्यंत संगंच यायची, वजनाची चिठ्ठी तीच वाचून दावायची. लई संशयी हाव तुमी सर.

सर : गणिताचा मास्तर आहे.

जाईबाई : आमचा मुकादम बी संशयी हाय. पर त्यो दार लावून इचारत न्हाई.

मोहिनी : सर, पाणी.

सर : ये आत. पट्टी घे. प्रश्नात फक्त उसाचं वजन विचारलंय, गाडीचं नाही. मग रेघ कुठं जाईल? काढ. आणि आईला सांगत काढ.

मोहिनी : खाली जाईल. बघ आई, मोकळी गाडी म्हंजी ही पाच घरं. म्हणून सगळे ठिपके पाच घरं खाली घ्यायचे. शून्यावर पाच व्हते, तिथं शून्य. एकावर सहा व्हते, तिथं एक. दोनावर सात, तिथं दोन. आता पट्टी लावायची.

जाईबाई : चढ तेवढाच ऱ्हायला की.

मोहिनी : चढ भरणाऱ्यांचा हाय. गाडी काढली म्हणून त्यांचे हात कमी व्हत न्हाईत.

सर : हे मी वर्गात असं सांगितलं नव्हतं.

मोहिनी : तुमी टाकीच्या गणितावर सांगितलं व्हतं सर. वरची रेघ पुसू का?

जाईबाई : पुसू नको. ऱ्हाऊ दे तशीच. उद्या कुणी म्हणंल, पुसून केलं.

मोहिनी : मार्क किती सर?

सर : शून्य. उत्तर चुकलंय.

मोहिनी : चालतंय. पर माझंच चुकलंय ना?

सर : हो. तुझंच चुकलंय, कुणाचं बघून नाही. कालच ऐकून घ्यायला हवं होतं मी. सापळा लावला आणि त्यात काय सापडलं ते नीट बघितलंच नाही. मला लाज वाटते, जाईबाई.

जाईबाई : तुमच्या लाजंचं मी काय करू? यादी कुठाय?

सर : ही काय. सतरावं नाव, मोहिनी. घ्या, लिहिलं.

जाईबाई : ती शिसपेन्सिल हाय.

सर : कच्ची यादी मी पेन्सिलीनंच करतो. चार वाजता पक्की होईल.

जाईबाई : पेनानं लिव्हा सर. उद्या ट्रकमधी बसल्यावर मला बघाया येता येणार न्हाई.