जिंकलेली जोडी

साहेब, या दोघींना तुम्ही फसवलंत. बसच्या रांगेत तुमच्या कचेरीतल्या दोघी माझ्या पुढे होत्या. एक तक्रारींच्या खिडकीवरची, दुसरी स्टोअरमधली, वयानं थोरली.

"ताई, साहेबांचं पत्र परत वाचा ना."

"तीनदा वाचलं. अभिनंदन लिहिलंय."

"म्हणजे जिंकलो ना आपण?"

"जिंकलो की. स्पर्धेत महिनाभर एकमेकींच्या खुर्चीवर काम करून एकही चूक न केलेली जोडी आपलीच."

"तुमच्या चिठ्ठीमुळे. कुठला खोका कुठल्या फळीवर, सगळं लिहून ठेवलेलंत."

"आणि तू लिहिलंस, चष्मेवाले आजोबा भांडायला आले की आधी पाणी विचारा. खरंच गप्प बसतात गं."

"मग खालची ओळ अशी का?"

"दोन्ही कामं एकीला जमतात, म्हणून एकीलाच ठेवणार. कुणाला, ते आपणच सोमवारपर्यंत लेखी कळवायचं."

"आणि हरलेल्या जोड्या?"

"आहेत तिथंच."

"मला काही कळेनासं झालंय. तुम्ही राहा, तुमची लेक शिकतेय."

"आणि तुझी सासू अंथरुणावर आहे, तिचं काय?"

बस आली. दोघी चढल्या नाहीत.

साहेब, तुमची खुर्ची यांच्यातल्या एकीला महिनाभर द्याल का? सोमवारपर्यंत लेखी कळवा.