साडी कोण नेसणार?

आमच्या खरेदीच्या ॲपला नापास कुणी केलं माहितीये? कासार आंबोलीत माझ्या घरमालकीण आहेत ना, त्या कमलकाकूंनी.

मी त्या ॲपमध्ये एक बोलका मदतनीस बनवला होता. तो चार प्रश्न विचारून ज्याला जे शोभेल ते निवडून देतो. काकूंना पुतण्याच्या लग्नात आहेराला साडी हवी होती, म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला.

"साडी कोण नेसणार आहे?" फोनने विचारलं.

"कुनीच न्हाई."

त्याने परत तेच विचारलं. काकू माझ्यावरच उखडल्या. "आगं, मानाची साडी हाय, सांग की ह्याला! उरवड्याची विहीण ती नेसनार न्हाई. फुडच्या लग्नात दुसरीला देनार."

मला गंमत वाटली. "मग काय बघून घेता, काकू? रंग? कापड?"

"खोका भारी दिसाया पायजे आन घडी टिकाया पायजे."

हा प्रश्न आमच्या मदतनिसाकडे नव्हताच. शेवटी मीच शोधून एक साडी मागवली.

लग्न झाल्यावर फोन विचारतो, "साडी कशी वाटली? किती तारे द्याल?"

"मला काय ठावं? ती गेली उरवड्याला," म्हणत काकूंनी फोन बाजूला ठेवला.

परवा मात्र त्या मला हाका मारतच आल्या. हातात तोच खोका! भाचीच्या लग्नात कुणीतरी काकूंनाच तो आहेर केला होता.

"इतकी घरं फिरून आली, पर घडी मोडली न्हाई," काकू खूश होऊन म्हणाल्या. "आता दे पाच तारे!"