तीन आठवड्यांचं टेंगूळ

सृष्टी : हलू नका आबा. इथं दुखतंय?

अर्जुना : तू दाबतीयास म्हणून दुखतंय. न दाबता त्याची काय तक्रार न्हाई.

सृष्टी : तीन आठवडे झाले. कपाळावर लिंबू ठेवल्यासारखं दिसतंय. खरं सांगा, कशानं लागलं?

अर्जुना : तुज्या बापाला फोनवर सांगितलं न्हवं? मेंढ्यानं ढुशी दिली.

सृष्टी : पप्पांना मेंढा सांगितला. आणि वडूजच्या स्टँडवर चहावाल्याला?

अर्जुना : त्याला व्हय? त्याला म्हणलं, वरल्या माळावर पवनचक्कीचं पातं निसटलं. म्या डोक्यानं आडवलं, न्हाईतर खालचं गाव कापत गेलं असतं. चहाचं पैसं घेतलं न्हाईत त्यानं.

सृष्टी : आणि ज्यांच्या रानात आत्ता मेंढरं बसवलीत, त्या नाथाजीकाकांना?

अर्जुना : नाथाजी भोळा माणूस. त्याला म्हणलं, टेंगूळ न्हवं, शिंग फुटतंय. पन्नास वरसं मेंढरात काढली की माणसाला बी फुटतं.

सृष्टी : काकू कुंकू घेऊन आल्या होत्या म्हणे शिंगाला लावायला!

अर्जुना : मग? कुनाचं काय वाईट झालं?

सृष्टी : आबा, पप्पांनी मला सांगलीहून उगाच नाही पाठवलं. म्हणाले, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, तू बघ. आबा चक्कर येऊन पडले असतील तर मेंढरं विकायची आणि तुम्हा दोघांना आपल्या घरी शिरवळला आणायचं. फोनची वाट बघतायत ते.

अर्जुना : म्हंजी माजी ऐंशी मेंढरं तुज्या जिभेवर हाईत.

सृष्टी : जिभेवर नाही, तुमच्या कपाळावर. चक्कर आली होती?

अर्जुना : न्हाई.

सृष्टी : उलटी? डोकं दुखणं? हातपाय जड वाटणं? बोलताना जीभ अडखळते?

अर्जुना : माजी जीभ? ह्या जल्मात तरी न्हाई.

सृष्टी : रक्त पातळ करायची गोळी वगैरे चालू नाही ना?

अर्जुना : बिरोबाचा अंगारा सोडला तर म्या कायबी खाल्लं न्हाई.

सृष्टी : मग हे उतरत का नाही? आत रक्त साकळलंय, ते सावकाश विरतं. पण एव्हाना निम्मं तरी व्हायला हवं होतं. लावता काय याला?

अर्जुना : लावत न्हाई. तुजी आजी चोळती. मीठ आन् गरम एरंडेल. सकाळ-सांज, आंगठ्यानं रगडून.

सृष्टी : अहो म्हणूनच! रोज चोळून रोज नव्यानं सुजतंय ते. आजपासून बंद.

अर्जुना : ऱ्हाऊ दे, चोळू दे तिला.

सृष्टी : का?

अर्जुना : सुजलं तर सुजलं. तेवढ्यानं तिच्या जिवाला बरं वाटतं.

सृष्टी : आबा. इकडं बघा. मेंढ्यानं नाही मारलं ना?

अर्जुना : आजी कुटं हाय?

सृष्टी : पलीकडं. कोकरं पाजतीय.

अर्जुना : मग हळू बोल. त्या दिशी उजाडायच्या आत एक मेंढी आडली. कोकराचा एकच पाय भाईर आलेला. म्या घोंगडं डोक्यावरनं घेऊन वाकून बसलो वाघरीत, मेंढरांच्या जाळ्याच्या आत. म्हाताऱ्या माणसानं जोर लावला की घशातनं गुरगुर निघती. तुज्या आजीला वाटलं, जाळ्यात लांडगा शिरला. गोफण फिरवली.

सृष्टी : देवा! गोफणीचा दगड?

अर्जुना : घोंगडं आन् पटक्याचं फेर आडवं आलं, म्हणून लिंबावर भागलं. पर नेम बघ पोरी! पंधरा पावलांवर माणूस हाय का लांडगा हे दिसत न्हाई, निसत्या आवाजावर कपाळ गाठलं!

सृष्टी : दिसत नाही? कधीपासून?

अर्जुना : दोन वरसं झाली. मेंढरं वळखती ती वरडण्यावरनं, वासावरनं. तुज्या बापाला, धनाजीला कळलं तर मेंढरं जातील. आन् तिला कळलं, की दगड मला लागला, तर ती काठी खाली ठिवंल, मेंढरामागं यायची न्हाई. म्हणून मेंढा सांगितला.

हरणाबाई : झालं का सांगून?

अर्जुना : तू कवा आलीस?

हरणाबाई : मला दिसत न्हाई. ऐकू येतंय.

सृष्टी : आजी, तुला माहीत होतं?

हरणाबाई : दगड लागला की लांडगा पळतो बाय. आईबाईवरनं शिव्या देत न्हाई. आन् त्या शिव्या काय मला नव्या हाईत व्हय?

सृष्टी : मग बोलली का नाहीस?

हरणाबाई : ह्येंनी मेंढ्याचं नाव घेतलं. मुकं जनावर तीन आठवडं दावणीला बांधून घातलंय माज्यापायी. मी काय बोलणार? चोळत बसले.

अर्जुना : आगं, तुला वाईट वाटंल म्हणून—

हरणाबाई : वाटलंच की. रोज आंगठ्याखाली लागत हुतं त्ये.

सृष्टी : आजी, इकडं उजेडाला ये. बुबुळ दुधासारखं झालंय. मोतीबिंदू वाटतोय. साताऱ्याला डॉक्टरांना दाखवू. मोतीबिंदूच असला तर ऑपरेशननं दिसेल. आबांच्या डोक्याचाही फोटो काढून घेऊ, वय झालंय. पण ऑपरेशन झालं की महिनाभर तुला धूळ, धूर, ऊन काही चालणार नाही.

अर्जुना : झालं! मी एकटा ऐंशी मेंढरामागं? धनाजी दुसऱ्याच दिवशी बाजार दावंल त्यास्नी. पोरी, चक्कर न्हाई म्हणून सांग आन् मोकळी हो. त्ये काय खोटं न्हाई.

हरणाबाई : न्हाई. सगळं सांग त्याला.

अर्जुना : हरणे, मेंढरं जातील.

हरणाबाई : जाऊ द्यात. दगड चार बोटं खाली लागला आसता तर? दिस उजाडस्तवर मी लांडगा मारला म्हणून हसत बसले आसते. जवळ जाऊन बी बघितलं नसतं.

(सृष्टी फोन लावते.)

सृष्टी : पप्पा, आबा बरे आहेत. चक्कर नाही, पडले नाहीत. आजीला दिसत नाही... हो, दोन वर्षं. तिनंच मारला दगड, लांडगा समजून... हसू नका. ऑपरेशन करायला लागेल... मेंढरं विकायचं नंतर ठरवा. आधी कंपनीत महिन्याची रजा टाका. आजी उठेपर्यंत मेंढरामागं तुम्ही चालायचं... तुम्हीच. आबांबरोबर... पप्पा? ऐकताय ना?

अर्जुना : काय म्हणतोय?

सृष्टी : काहीच नाही. गप्प आहेत.

हरणाबाई : फोन ठिवला का?

सृष्टी : नाही. चालूच आहे.

हरणाबाई : मग ईल त्यो.