सात गोठ्यांच्या वरचं तळं

मंडळी, बसा. मागं उभे हाईत त्यांनीबी बसून घ्या. मला लई बोलता येणार न्हाई. पण आज गप्प बसले तर काकींकडं मला पुन्हा बघता यायचं न्हाई.

काकींचे धनी, आपले तात्या गेले. आपल्या बोटिंगच्या तळ्याचे राखणदार. पाव्हणे वर बोटीत बसून फोटो काढायचे, आणि तात्या खाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी तांब्या घेऊन उकिडवे बसलेले. रोज सकाळी. तिथं पाणी पाझरतं. त्याखाली तांब्या धरायचा आणि भरेस्तोवर आकडे मोजायचे. शंभर झाले की तांब्या भरायचा; लवकर भरला तर पाझर वाढला म्हणायचं. मग पाणी उजेडात बघायचं. म्हणायचे, "नितळ हाय तवर भ्यायचं न्हाई, सरपंचबाई. गढूळ आलं की माणसं हलवायची."

कुठली माणसं? बांधाखालच्या सात घरांतली. त्यातलं एक घर त्यांचंच.

आता माझं ऐका. मी सरपंच होते तवा बांधाची तपासणी करायला साहेब आले. त्यांच्या कागदावर एक प्रश्न होता. बांध फुटला तर खाली माणसं हाईत का? असली तर बांध जास्त धोक्याच्या वर्गात, दर पावसाळ्याआधी तपासणी. नसली तर कमी धोक्याचा, मग कुणी फिरकत न्हाई. मी दप्तर उघडलं. दप्तरात खाली घरं न्हवतीच. सात गोठे होते. शेतजमिनीत घराला परवानगी मिळत न्हाई, म्हणून आपणच गोठा लिहितो, व्हय का न्हाई? त्या गोठ्यांत मी चहा प्यालेली. तरी 'मानवी वस्ती नाही' यावर सही केली. घरं लिहिली तर पाडायची नोटीस येईल, असं मनाला सांगितलं.

त्या संध्याकाळी तात्या दारात आले. रागावले न्हाईत. म्हणाले, "मग आमी कोण, बाई? म्हशी?" मी हसले. म्हटलं, तात्या, पुढच्या तपासणीला दुरुस्त करू. त्या हसण्याची मला लाज वाटते. पुढची तपासणी झालीच न्हाई. कमी धोक्याच्या बांधाकडं कोण येतंय?

गेल्या आठवड्यात तात्या दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत. मी नोंद करायला गेले. ग्रामसेवकांनी विचारलं, घर नंबर? काय सांगू? माणूस गोठ्यात वारला म्हणू?

हा अर्ज आणलाय. बांधाचा वर्ग बदला, आणि तवर तळं निम्मं रिकामं करा. माझी जुनी सही खोटी होती, हेबी त्यात लिहिलंय. सातही घरांनी नावं घाला. तान्ह्या पोरांचीबी. उद्या पहिल्या एसटीनं मी वेल्ह्याला, तालुक्याच्या कचेरीत जाणार. तळ्याचे मालक मागं बसलेत. दादा, बोटी काठावर राहतील थोडे दिवस. रागवायचं तर माझ्यावर रागवा. आणि घरांना नोटीस आलीच, तर आधी मी दारात उभी राहीन.

आता तात्यांना श्रद्धांजली म्हणून उभं राहू. घड्याळ लावू नका. तात्यांसारखे मनात आकडे मोजू, तांब्या भरेस्तोवर.

शंभर न्हाई. आज सकाळी त्यांचा तांब्या घेऊन मी बांधाखाली बसले होते. पाणी अजून नितळ हाय. पण तांब्या साठातच भरला.

साठपर्यंत मोजू.