दोरीवरच्या ओल्या बंडीबाबत

कालिंदी बुधाजी परब, वय ४२ वर्षे, धंदा गिरणीत वाइंडिंग खात्यात नोकरी, राहणार लालबाग, दुसरा मजला, खोली नं. १७.

समक्ष हजर राहून सांगते की, वरील खोलीत मी व माझे यजमान बुधाजी, वय ४९, गिरणीत मागावर साचेवाले, असे दोघेच राहत होतो.

दिवाळीत त्यांना हार्टचा पहिला झटका आला. इस्पितळात तीन आठवडे निजवून ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं, हृदयाला रक्त नेणारी एक शीर बंद झाली, तेवढा भाग कामातून गेला, आता जिना चढउतार नाही. छातीत कळ आली की जिभेखाली धरायला बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्यांची पुडी यजमान बंडीच्या खिशात ठेवत.

ता. १९ जानेवारी १९५६ रोजी सकाळी अकराच्या सुमारास नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर पोलिसांचा गोळीबार चालू होता म्हणून आम्ही घरातच होतो. यजमान म्हणाले, "छातीर पाटो ठेवल्यासारको वाटता गो." डावा हात आखडला, सदरा घामाने निथळला. म्हणाले, "पुडी दी." पुडी नव्हती. गोळ्या तळमजल्यावरच्या अप्पा कंपाउंडरकडून आणायच्या. मी गॅलरीतून ओरडले, "अप्पा, ह्यांना गोळी लागते हो! लवकर!"

लोकांनी ऐकलं, गोळी लागली. गोळी लागलेला म्हणजे मोर्चातला, मागोमाग पोलीस येणार, म्हणून धडाधड दारं बंद झाली. अप्पांचंही. पाच मिनिटांत एक हवालदार व दोन शिपाई वर आले. त्यांना कुणी खबर दिली मला ठाऊक नाही. पण समोरची कमल तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही.

हवालदारांनी सदरा वर करून जखम शोधली. सापडेना, तेव्हा दोरीवरची बंडी चाचपून म्हणाले, "ही आजच कशाला धुतली? रक्त होतं ना?" मी पाया पडून सांगितलं, हार्टचा माणूस आहे, जिना उतरवू नका, डॉक्टरला वर आणा. ते म्हणाले, "गोळी लागलेली नाही ना? मग चालायला काय धाड भरलीय!" चौकीवर न्यायला दंडाला धरून जिन्याकडे नेलं. हेही लिहा, गाळू नका. पहिल्या मजल्याच्या पायरीवर यजमान खाली बसले. "वायच थांब गो," एवढंच बोलले. परत उठले नाहीत.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका मोठा होता, गोळीने निभावलं असतंच असं नाही. निभावलं नसतं, असंही ते म्हणाले नाहीत.

साहेब, बंडीचं तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय. तुम्हाला रक्तच हवंय. घ्या लिहून. मळली होती म्हणून सकाळी धुतली. खिसा बघितला नाही. गोळ्या पाण्यात विरघळून गेल्या, कागदाचा लगदा तेवढा हाताला लागला.

जबाब मला वाचून दाखवला. एका ठिकाणी "गोळी लागली" लिहिलं होतं, ते खोडून "लागते" करून घेतलं, मगच अंगठा उठवला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. बंडी मीच धुतली, तेही बरोबर आहे.