सावनेरवर बॉम्बर

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांत थेंब टाकून दीप्ती डोळे मिटून बसली होती. कान मात्र शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे होते.

"डॉक्टरले खरं सांगजा. दिवसभर कम्प्युटरवर विमान उडवता म्हणून."

"साधं विमान नाही वं. महायुद्धातलं बॉम्बर आहे, चार इंजिनांचं."

"अन् काल कुठं नेलं होतं?"

"सावनेरले."

"माह्या माहेरावर बॉम्ब टाकता काय?"

"नाही वं. तुह्या भावाच्या घरावरून एक चक्कर मारली फक्त."

"अन् उतरवताना आपटलं."

"धुकं होतं."

"धुकं तुमच्या डोळ्यांत आहे. तीन महिन्यांपासून विमानातली घड्याळं कोण वाचून राहिलं? उंची मी सांगते, स्पीड मी सांगते, इंजिन तापलं तेही मीच सांगते."

"हळू बोल. लोक ऐकून राहिले."

दीप्तीनं डोळे आणखी घट्ट मिटले.

"रामटेके काका, चला आत!" सिस्टरनं हाक मारली.

शेजारची खुर्ची काही वाजली नाही; काका उठलेच नव्हते.

"ऑपरेशन सांगितलं तर?"

"तर करायचं. भेता काहून?"

"भेत नाही. पण मले सगळं दिसाले लागलं, तर तू कायले बसशील बाजूले?"

"बसीन ना. तवा घड्याळं तुम्ही वाचजा. उडवीन मी."