ताईचा पहिला प्रोग्राम

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मी दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, डॉक्टर म्हणाले, तुझे डोळे ठणठणीत आहेत. मग आता प्रोग्रामिंगच्या क्लासला का येत नाहीस?"

"त्यांना काय कळतंय."

"अगं, ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती, एवढंच. ती दिली असतीस तर तुझाही प्रोग्राम चालला असता."

"तुझा पहिल्या फटक्यात चालला ना? झालं तर मग."

"असं काय बोलतेस?"

"तुला बाराचा पाढा येत नव्हता. मी पाठ करून घेतला."

"धपाटे घालून."

"म्हणून आज एवढी चमकतेयस."

"बरं. बुधवारी मी आले नव्हते, तेव्हा काय झालं?"

"काही नाही."

"ताई."

"तुझा प्रोग्राम तुझ्या वहीतून उतरवून घेतला होता. शब्दन् शब्द, तुझ्या त्या टिंबांसकट. तोच सरांसमोर चालवला."

"चालला?"

"न चालायला काय झालं? पडद्यावर आलं, 'नमस्कार, मी छोटी.' एकदा नाही, दहादा."

"अगं बाई. माझं नाव बदललंच नाहीस?"

"हसू नकोस."

"नाही हसत. वर्गात हसले?"

"हसले असते तर बरं झालं असतं. बदलीवर आलेले सर होते, त्यांना काय माहीत छोटी कोण. म्हणाले, 'शाबास, छोटी.'"

"आणि तू?"

"मी 'थँक्यू सर' म्हणाले."